माले शंका शे

फौजदार आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसले की निम्म्या घरांची दारं लागायची. कुणी काही चोरलेलं नसायचं. घेतलेलं पुस्तक वाचलेलं नसायचं, एवढाच गुन्हा.

पोलिसात ते कधीच नव्हते. जन्मभर लाल बसमध्ये कंडक्टर, जास्त करून धुळे-जळगाव गाडीवर. मूळ गाव भडगावकडचं, गिरणाकाठचं. निवृत्त झाल्यावर देवपुरातल्या आपल्या पुढच्या खोलीत त्यांनी कपाटं लावली आणि घरपोच वाचनालय सुरू केलं. सायकलच्या कॅरियरला पत्र्याची पेटी, हँडलला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, आणि मधोमध दोरीनं बांधलेला एक लहानसा स्पीकर. दर बुधवारी आमच्या कॉलनीची पाळी असायची. फौजदार हे नाव त्यांना कॉलनीनं दिलं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं.

तुम्ही पुस्तक परत दिलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे. मग उलटं धरून झटकायचे. मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघायचे. "बठ्ठं वाचं?" सगळं वाचलं का, एवढंच विचारायचे, पण असं की खरंच वाचलेल्या माणसालाही घाम फुटावा. तुम्ही हो म्हणालात की ते म्हणायचे, "माले शंका शे." आणि मधल्याच कुठल्यातरी पानावरचा प्रश्न टाकायचे. त्या मामानं पत्र कुणाच्या हाती दिलं? विहिरीवर भांडण झालं तेव्हा मोठी सून कुठे होती? उत्तर चुकलं की संपलं. "तुम्ही विदाऊट आहात, वहिनी," असं विनातिकीट प्रवाशाला सुनवावं तसं शांतपणे म्हणून तेच पुस्तक पुन्हा हातात ठेवायचे. आमच्या शेजारच्या पाटीलवहिनींना एक कादंबरी अशी तीनदा मिळाली. शेवटी त्यांनी ती रागारागानं वाचून काढली, आणि आता त्याच सगळ्यांना सांगत सुटतात की काय सुंदर कादंबरी आहे हो!

फौजदारांचा संशय वाचकांपुरताच नव्हता. लेखकही त्यातून सुटत नसत. आत्मचरित्र हातात घेतलं की म्हणायचे, "यात माणूस स्वतःचं तिकीट स्वतःच फाडतो. चेकिंगला कोणीच नाही." रहस्यकथा शेवटच्या प्रकरणापासून वाचायचे. खुनी कोण ते आधी बघून घ्यायचे आणि मग पहिल्या पानापासून त्याच्यावर नजर ठेवायचे. मोबाइलवरही त्यांचा विश्वास नव्हता. एक गाणं ऐकलं की तसलीच दहा गाणी फोन आपणहून पुढे करतो, हे त्यांना अजिबात रुचत नसे. "याला कसं कळलं मला काय आवडतं ते? मी सांगितलं नाही. मग कोणी सांगितलं?"

आणि तरी गाण्यांचं त्यांना वेड होतं. नवी अहिराणी गाणी, लग्नात डीजेवर वाजतात ती, धडाम धडाम. एखादं नवं आलं की सकाळी पांझराकाठच्या रस्त्यावर त्यांच्या स्पीकरवर हजर. दोन ओळी ऐकून डोकं हलवायचे, "हाई गानं चोरेल शे," म्हणजे चाल चोरलेली आहे, आणि तेच चोरलेलं गाणं आठवडाभर वाजवायचे.

आता माझ्याबद्दल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट फारच चांगला आला तरी मला चैन पडत नाही, सॅम्पल पुन्हा लावते. त्यामुळे खरं तर माझं आणि फौजदारांचं जमायला हवं होतं. पण दोन संशयी माणसं एका फाटकात उभी राहिली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा चित्रकलेचे मास्तर होते. आई गेल्यावर ते कसे उभे राहिले ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. सकाळी सायकल आणि दिवसभर पुस्तक, या दोन गोष्टींनी त्यांना धरून ठेवलं होतं. सहाला सायकल काढायची, नदीकाठानं पुलापर्यंत जायचं, परत यायचं, आणि मग ओट्यावर खुर्ची टाकून वाचत बसायचं. यातली एक जरी गोष्ट सुटली असती तरी बाबा अंथरूण धरतील अशी मला धास्ती होती. म्हणून या दोन गोष्टींच्या आसपास कोणी फिरकलं की मी डोळ्यांत तेल घालून बघायची.

आणि फौजदार तर दोन्हींच्या आसपास होते.

पहिली पाल चुकचुकली ती दाराची. बुधवारी मला अर्धी सुट्टी असते. एकदा अकराला घरी आले तर बाबांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं, बाहेर फौजदारांची सायकल. दार ढकललं तर दोघंही गप्प. "काही नाही गं, गप्पा," बाबा म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दार लावून कसल्या गप्पा मारायच्या असतात? पुढच्या बुधवारी तेच. त्याच सुमारास बाबांनी पेपर वाचणं सोडलं. "काय वाचायचं त्यात, रोज तेच ते." कानात सारखं मोबाइलच्या इअरफोनचं बोंडूक. आणि एक दिवस तर कमाल झाली. जन्मभर नाट्यसंगीताशिवाय दुसरं काही न ऐकलेले माझे बाबा आंघोळ करताना डीजेचं अहिराणी गाणं गुणगुणत होते!

माझ्या डोक्यात काय काय आलं, काय सांगू. हा माणूस बाबांना नादी लावतोय. घराची कागदपत्रं बाबांच्याच कपाटात असतात. कुठेतरी सही घेतली तर? मी गुपचूप कपाट तपासलं. कागद जागच्या जागी होते. पण माझं समाधान होईना. पुढच्या बुधवारी फौजदार निघाले तेव्हा मी फाटकात आडवी उभी राहिले.

"पिशवी दाखवा," मी म्हटलं.

आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. वयानं वडिलांएवढा माणूस! शेजारीपाजारी ओट्यावर बसलेले. फौजदारांनी सायकल स्टँडवर लावली, दोन्ही पिशव्या जमिनीवर रिकाम्या केल्या, पेटी उघडली, आणि एकेक पुस्तक उचलून मला दाखवत गेले. मग सदऱ्याचे खिसेही उलटे करून दाखवले. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. उलट मान डोलावून म्हणाले, "बराबर शे, ताई. तपासायलाच पाहिजे." मला वाटलं, हा तर पक्का मुरलेला आहे.

त्यानंतर जे झालं त्यानं कडेलोट झाला. पुढच्या बुधवारी फौजदार खोलीत गेलेच नाहीत. ओट्यावरच, माझ्यासमोर, बाबांनी परत दिलेली कादंबरी हातात घेतली आणि विचारलं, "मास्तर, पूर आला तेव्हा त्या नावाड्यानं काय केलं?"

बाबा गोंधळले. "कुठला नावाडी?"

"सबंध एक प्रकरण आहे त्याच्यावर."

"नाही, असं काही नव्हतं त्यात."

फौजदारांनी पुस्तक पिशवीत टाकलं. दुसरं काढलं नाही. "मास्तर विदाऊट आहेत," ते म्हणाले. बाबांकडे नाही, माझ्याकडे बघून. "दोन महिने झाले. यापुढे मी त्यांना पुस्तक देणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं शाळेचं ग्रंथालय दोनदा वाचून संपवलं, त्याला हा तिकीट फाडणारा विदाऊट म्हणतो? त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतो? मी नको नको ते बोलले. "तुमची लायकी काय" इथपर्यंत गेले. पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. बाबा खाली मान घालून बसले होते. फौजदारांनी ऐकून घेतलं, आणि जाताना एवढंच म्हणाले, "ताई, माझ्यावर तुम्ही एवढा संशय घेता. थोडा मास्तरांवर पण घ्या."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. नावाड्याचं प्रकरण नाहीच, असं बाबा ठामपणे म्हणाले होते. मी पाटीलवहिनींकडून खात्री करून घेतली. होतं. चांगलं वीस पानांचं. मग दुपारी बाबांचा मोबाइल उघडला. त्यात तीच कादंबरी होती, कुणीतरी मोठ्यानं वाचून टाकलेली, आणि खाली लिहिलं होतं, संक्षिप्त. त्याच्या खाली आणखी सात-आठ पुस्तकं. बाबा वाचत नव्हते. ऐकत होते. आणि मांडीवर पुस्तक उघडून मला दाखवायला पानं उलटत होते.

का? हे विचारायचा मला धीर होईना. बाबांनी खोटंच सांगितलं असतं. मी सॅम्पल पुन्हा लावायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकल घेऊन निघाले आणि मी स्कूटीवरून, तोंडाला ओढणी बांधून, बऱ्याच अंतरानं त्यांच्या मागे निघाले. गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली फौजदार उभे होते. मला वाटलंच होतं! बाबा जवळ येताच त्यांनी स्पीकर चालू केला, धडाम धडाम, आणि ते पुढे निघाले. बाबा मागे. दोन सायकलींमध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंतर. नदीकाठच्या रस्त्यावर खड्डा आला की फौजदार घंटी वाजवायचे. एकदा वाजली की बाबा डावीकडून जायचे, दोनदा वाजली की उजवीकडून. गतिरोधक आला की फौजदार गाडीत ओरडतात तसं ओरडायचे, "धरून बसा!" मागचे पुढचे फिरायला आलेले लोक हसायचे. मीही हसले असते.

तेवढ्यात नदीकडून एक म्हैस रस्त्यावर आली आणि मधोमध उभी राहिली. फौजदार तिला वळसा घालून पुढे गेले आणि त्यांनी गाणं बंद केलं. त्याच क्षणी बाबांनी ब्रेक दाबले. पाय टेकवून उभे राहिले. म्हैस त्यांच्यापासून दहा-पंधरा पावलांवर होती. एवढी मोठी, काळीकुट्ट म्हैस, भर उजेडात! आणि बाबा समोर तोंड करून विचारत होते, "काय आहे हो फौजदार?"

बाबांना म्हैस दिसली नव्हती.

मी स्कूटी तशीच रस्त्यात सोडून धावले. बाबांना मी ओळखू आले ती रडण्यावरून. कधीपासून, विचारलं तर म्हणाले, पावसाळ्याच्या आधीपासून. डोळ्यांसमोर मधोमध एक डाग धरतो. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. अक्षरं तर गेलीच. एकदा पुलाजवळ पडले होते, तेव्हा फौजदारांनी उचललं आणि ओळखलं. "तुला सांगितलं असतं तर तू सायकल काढून घेतली असतीस," बाबा म्हणाले. "पुस्तक गेलंच होतं. सायकल तरी राहू दे म्हटलं."

मी फौजदारांवर तुटून पडले. आंधळ्या माणसाला रस्त्यावर चालवता? काही झालं असतं म्हणजे? आधी का सांगितलं नाही?

"मास्तरांनी वहिनींची शपथ घातली होती," ते म्हणाले. वहिनी म्हणजे माझी आई. "डोळ्यांचं कोणाला सांगायचं नाही. दर बुधवारी दार लावून मी त्यांना तेच विनवत होतो, ताईला सांगा, डॉक्टर करा. ऐकत नव्हते. अडवलं असतं तर एकटे आले असते. म्हणून पुढे राहिलो." आणि पुढे म्हणाले, "डोळ्यांचं बोलायची बंदी होती. पुस्तकाचं बोलायची नव्हती. तुमच्यासमोर विदाऊट म्हटलं की तुम्ही स्वस्थ बसणार नाही, एवढी मला खात्री होती."

तेव्हाही मी त्यांना धन्यवाद दिले नाहीत. खरं सांगायचं तर रागच गेला नव्हता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर, रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या मला बापाचे डोळे दिसले नाहीत. मी बाबांना स्कूटीवर बसवलं आणि निघून आले. बाबांची सायकल फौजदारांनी हातानं ढकलत घरी आणून लावली.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते आता येणार नाही. उजव्याला इंजेक्शनं देऊन राहिलेलं टिकवता येईल. आणखी दोन-तीन महिने काढले असते तर तेही हातचं गेलं असतं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मनात हिशेब मांडत राहिले, मी त्या माणसाची पिशवी तपासण्याऐवजी बाबांकडे नीट बघितलं असतं तर आणखी किती आधी कळलं असतं.

सायकल मी बंद केलीच. बाबा आठ-दहा दिवस कुणाशी धड बोलेनात, जेवण निम्म्यावर आलं. माझी धास्ती खरी ठरते की काय असं वाटत होतं. मग एका सकाळी साडेसहाला फाटक वाजलं. फौजदार ओट्यावर येऊन बसले, पेटीतून तीच कादंबरी काढली आणि नावाड्याचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. कसलं वाचन ते! पुढचे थांबे पुकारल्यासारखं. नायिका मरतेय आणि यांचा आवाज असा की गाडी पारोळ्याला पोचली. बाबा पहिल्यांदा हसले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. बाहेर येऊन चहा ठेवला, तोही न बोलता.

हे वाचन दीड वर्ष चाललं. रोज, पाऊस असो, ऊन असो. मग फौजदारांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांची मुलगी सुनंदा त्यांना जळगावला घेऊन गेली. जाताना ते सायकलवरूनच निरोप घ्यायला आले. त्या दिवशी मी बोलणार होते. शब्दही जुळवून ठेवले होते. पण लॅबमधून फोन आला, मी आत गेले, आणि बाहेर येईपर्यंत ते गल्लीच्या वळणावर पोचले होते. धावले असते तर गाठलं असतं. नाही धावले. म्हटलं, जळगाव काय लांब आहे, कधीही जाऊ.

चार महिन्यांनी सुनंदाचा फोन आला.

मी आणि बाबा पहिल्या गाडीनं जळगावला गेलो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बैठकीत फौजदारांचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. वीस-पंचवीस माणसं भिंतीला टेकून बसलेली. मी नाव सांगितलं तशी सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे बाबांची पिशवी तपासली होती त्या तुम्ही?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण ती रडता रडता हसत होती. "किती वेळा सांगायचे ते! म्हणायचे, धुळ्यातल्या मास्तरांची मला चिंता नाही. त्यांची लेक माझ्यावरसुद्धा संशय घेते. त्या घरात कोणाची लबाडी चालायची नाही."

बाबा फोटोसमोर बसले आणि त्यांनी तोंड बाजूला फिरवलं. तिथल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, हे म्हातारे रुसलेत की काय. मधलं दिसत नसलं की माणसाला समोरचं बघायला बाजूला बघावं लागतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बाबा खिडकीकडे तोंड करून फौजदारांना बघत होते. बराच वेळ बघत होते.

मी त्यांच्या शेजारी बसले, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. बाबांच्या कानांना मात्र काही झालेलं नाही. खिडकीकडचं तोंड न वळवता ते म्हणाले, "मोठ्यानं बोल, शोभा. असं बोललीस तर त्यांना शंका येईल."

मग त्या अनोळखी घरात, त्या सगळ्या माणसांसमोर, मी मोठ्यानं म्हणाले, "फौजदार, माझं चुकलं."